समान मूल्याचे काम : जिनिव्हातील उमेदवारीचा एक धडा

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या मुख्याध्यापकांनी एकच सूचना केली : तिकडे जाऊन नेमके काय काम केले, ते आठवी-नववीच्या मुलींना कळेल अशा रीतीने लिहावे. सूचना साधी आहे, पण तिचे पालन अवघड. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत सहा महिने आंतरवासी म्हणून मी जे काम केले, ते बहुतांशी वाचनाचे होते. भाषण केले नाही, कोणत्याही ठरावावर माझी सही नाही. देशोदेशींची शासने जी प्रतिवृत्ते पाठवतात ती वाचायची, कराराच्या मजकुराशी ताडून पाहायची आणि कोणता शब्द कोठे निसटला आहे याचे टिपण करून वरिष्ठांच्या हाती द्यायचे. "एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं?" असे माझ्या आईने विचारले होते. तिला त्या वेळी उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करते.

प्रथम शब्दाविषयी. 'आंतरवासिता' हा शब्द डॉक्टरकीच्या आणि अध्यापक विद्यालयांच्या विद्यार्थ्यांमुळे आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. आधीच्या पिढीतील माणसे याच अर्थाने 'उमेदवारी करणे' असे म्हणत. मला जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. निवडणुकांनी तो पळवून नेला नसता तर मी सर्वत्र तोच वापरला असता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहातून जन्माला आली. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे तिची पहिली परिषद भरली आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले नारायण मल्हार जोशी तेथे उपस्थित होते. या संघटनेचे वैशिष्ट्य असे की, तेथे केवळ शासने बसत नाहीत. प्रत्येक देशाकडून शासनाचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे चार प्रतिनिधी येतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मत असते. दरवर्षी जून महिन्यात परिषद भरते, करार संमत होतात. मात्र संमत झालेला करार कोणत्याही देशावर आपोआप बंधनकारक होत नाही. त्या देशाने त्याला मान्यता द्यावी लागते. मान्यता दिली की, ठरावीक काळाने आपण त्याचे पालन कसे करीत आहोत याचे प्रतिवृत्त पाठवणे भाग पडते. ही प्रतिवृत्ते तपासण्यासाठी १९२६ पासून कायदेतज्ज्ञांची एक समिती आहे. ही तज्ज्ञ समिती कोणाला दंड करीत नाही, तुरुंगात टाकत नाही. ती प्रश्न विचारते आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या फेरीत तोच प्रश्न पुन्हा विचारते. हे ऐकून तुम्हांला हसू येईल. पहिल्या आठवड्यात मलाही आले होते. पण एकच प्रश्न वर्षानुवर्षे छापील अहवालात येत राहिला की त्याचे वजन वाढत जाते आणि त्या देशातील कामगार संघटना, वकील व न्यायालये तो हाती घेतात, हे नंतर कळले.

माझ्याकडे जो करार आला तो १९५१ चा, क्रमांक १००. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : समान मूल्याच्या कामासाठी स्त्री व पुरुष कामगारांना समान मोबदला. भारताने त्याला १९५८ मध्ये मान्यता दिली. या वाक्यातील 'मूल्य' हा शब्द नीट पाहा. करार 'समान काम' म्हणत नाही, तो 'समान मूल्याचे काम' म्हणतो. आपल्याकडील १९७६ च्या समान वेतन कायद्यात मात्र 'तेच काम किंवा समान स्वरूपाचे काम' असे शब्द होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तोच अर्थ कायम राहिला. तज्ज्ञ समिती भारताला या फरकाविषयी पुनःपुन्हा विचारत आली आहे. पहिल्या वाचनात मला ही शब्दांची कीस काढणारी तक्रार वाटली. माझ्या विभागातील एका वरिष्ठ बाईंनी मला सांगितले, "तुझ्या गावातील कामांची यादी कर. कोणते काम कोण करते आणि त्याची मजुरी किती, ते पुढे लिही. मग आपण बोलू."

यादी करायला अर्धा तास लागला. नांगरणी, फवारणी, पोती उचलणे ही पुरुषांची कामे. खुरपणी, कापूस वेचणी, कांदा निवडणे ही बायांची. पुरुषाची मजुरी एक, बाईची दुसरी आणि कमी. यांतल्या कोणत्याही दोन कामांना 'तेच काम' म्हणता येत नाही, आणि 'समान स्वरूपाचे' म्हणायलाही कोणी तयार होणार नाही. म्हणजे दोन मजुऱ्यांमध्ये कितीही अंतर असले तरी कायदा मोडला असे म्हणता येत नाही! तेथे तुलनाच सुरू होत नाही. 'मूल्य' हा शब्द ती तुलना सुरू करतो. काम वेगळे असो, त्याला लागणारे कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि ते ज्या परिस्थितीत करावे लागते ती परिस्थिती, या चार बाजूंनी दोन्ही कामे तोलून पाहा, असे तो सांगतो.

आणि तोलायला बसले की आपले डोळे किती सवयीचे झाले आहेत हे कळते. पोते उचलणे हे कष्टाचे काम म्हणून लगेच गुण मिळवते. दिवसभर कमरेत वाकून खुरपणे, उन्हात बोंडाचे काटे बोटांत रुतू देत वेचणी करणे, यांतील श्रम कोणी मोजत नाही, कारण ते एका क्षणात दिसत नाहीत. कांदा निवडताना सडका, डागी आणि चांगला एका नजरेत वेगळा करणारी बाई कुशल आहे असे कोणी लिहीत नाही. 'बायकांचा हात त्याला बरा' एवढेच म्हणतात. जे कौशल्य घरात, आईजवळ शिकले जाते, त्याला शाळेचा दाखला नसतो आणि म्हणून दरही नसतो. जगभरात स्त्रियांचे वेतन पुरुषांपेक्षा सरासरीने सुमारे २० टक्के कमी आहे, असा संघटनेचा अंदाज आहे. त्यामागची कारणे अनेक आहेत, पण एक मोठे कारण हेच की स्त्रिया ज्या कामांत एकवटल्या आहेत ती कामेच स्वस्त धरली जातात.

'समान स्वरूपाचे काम' एवढ्या मर्यादित शब्दांतूनही न्याय मिळवता येतो, हे मुंबईतील एका खटल्याने दाखवले आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत गोपनीय लघुलेखिका असलेल्या ऑड्री डिकॉस्टा यांनी पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला कमी वेतन दिले जाते अशी दाद मागितली. स्त्रियांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे, कामगार संघटनेशी तसा करार झाला आहे, शिवाय कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही, असे बचाव मांडले गेले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. पैसे नाहीत म्हणून स्त्रीला कमी द्यावे, अशी सवलत कायद्यात नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. त्या निकालपत्रात करार क्रमांक १०० चा उल्लेख आहे. जिनिव्हातील कागद मुंबईच्या कचेरीतील टंकलेखन यंत्रापर्यंत पोहोचला तो असा. पण त्या खटल्यात तुलनेसाठी पुरुष लघुलेखक होते. कांदा निवडणाऱ्या बाईशेजारी तुलनेला कोणी पुरुष बसलेला नसतो.

आता थोडे मागे जाते, कारण ग्रंथालयात मला एक जुने प्रकरण सापडले आणि त्याने माझे बरेच दिवस घेतले. १९३५ च्या करार क्रमांक ४५ नुसार कोणत्याही स्त्रीला खाणीत जमिनीखाली कामावर ठेवण्यास मनाई होती. भारताने त्याला १९३८ मध्ये मान्यता दिली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने कोळसा खाणींपुरती ही मनाई उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीका झाली. रेणुका राय यांनी त्यास कडाडून विरोध केला. बाबासाहेबांनी उत्तरात युद्धकाळाची निकड सांगितली. त्याबरोबर आणखी एक मुद्दा मांडला : या खाणींत स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी ठरवली आहे आणि लिंगभेद न करता समान कामास समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे. १९४६ मध्ये मनाई पुन्हा लागू झाली.

हे वाचून मी अस्वस्थ झाले, हे लपवत नाही. ज्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाचे समर्थन केले, ज्यांनी श्रमखात्यात असताना खाणकामगार स्त्रियांच्या मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली, त्यांनाच स्त्रियांना खाणीत उतरवण्याच्या निर्णयाचा बचाव करावा लागला. आपल्याकडील लेखांत हा प्रसंग एक तर वगळतात किंवा त्यातील समान वेतनाचे एक वाक्य तेवढे उचलतात. मला दोन्ही पद्धती पटत नाहीत. रेणुका राय यांचा आक्षेप खोटा नव्हता. काळोख, पडणारे छत, लहान मुले वर ठेवून खाली गेलेल्या आया हे सारे खरे होते. पण त्याआधीच्या मनाईने हजारो स्त्रियांची मजुरी एकाएकी बुडाली, हेही तितकेच खरे. स्त्रीला धोक्यापासून वाचवायचे म्हणून तिला कामावरूनच दूर करायचे, की काम सुरक्षित करून तिला त्यात बरोबरीचा दर द्यायचा? संघटनेच्या आरंभीच्या काळातील स्त्रीविषयक करार, रात्रपाळीबंदी असो वा खाणबंदी, पहिल्या वाटेने गेले. १९५१ नंतर दुसरी वाट हळूहळू रुंद झाली. भारताने २०१९ मध्ये काही अटींवर स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्याची मुभा दिली आणि करार क्रमांक ४५ स्वतः संघटनेनेच २०२४ च्या परिषदेत रद्द केला. १९४४ च्या त्या चर्चेत दोन्ही वाटा एकाच सभागृहात, एकाच दिवशी बोलत होत्या. समान दर प्रत्यक्ष खाणीत कितपत मिळाला, हा प्रश्न अर्थातच उरतो. तत्त्व कागदावर येणे आणि पगाराच्या दिवशी हातात येणे यांत अंतर असते, हे तुमच्या घरी कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

आता कोयत्याकडे येते. तुमच्यापैकी अनेकींचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, माझेही जात. फडावर मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्याने मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, दर टनावर. पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. पहाटे कोपीवर भाकरी थापते ती वेगळीच. एक दिवस चुकला तर खाडा भरावा लागतो, मग तो ताप असो की पाळी. आता सांगा, समान मूल्याच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व येथे कसे लावायचे? बाईचे वेतन पुरुषापेक्षा कमी आहे असेही म्हणता येत नाही, कारण तिला वेगळे वेतनच नाही. जोडीचा मोबदला एक, आणि त्या जोडीचे नाव पुरुषाचे.

माझ्या शेवटच्या महिन्यात जोडीने किंवा कुटुंबाने मिळून केलेल्या अंगावरच्या कामाविषयी एक टिपण करण्याचे काम आले. मी त्यात कोयत्याविषयी चार पाने लिहिली. वरिष्ठांनी त्यांतील एक परिच्छेद ठेवला, बाकीची पाने परत दिली. राग आला, नाही म्हणत नाही. पण त्यांचे म्हणणे योग्य होते : माझ्या पानांत संताप पुष्कळ होता आणि मोजमाप नव्हते. किती तास, किती वजन, कोणी उचलले, कोणाच्या नावे लिहिले, हे मी सांगू शकले नाही. आणि मी तर त्या कोपीवर वाढलेली! जे रोज पाहिले तेच मोजलेले नव्हते.

मोजण्याची रीत हा या क्षेत्रातील अर्धा लढा आहे. २०१३ मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काम' या शब्दाची व्याख्याच विस्तारली. घरासाठी पाणी भरणे, सरपण आणणे, स्वयंपाक, मुलांचे व आजाऱ्यांचे संगोपन, हे सारे मोबदला नसला तरी कामच आहे, असे त्यात मान्य झाले. आपल्या देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटे थोडी घटली. अंतर जवळजवळ तेवढेच राहिले. शब्दही मोजमाप लपवतात. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना मिळते त्याला 'वेतन' म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. मान असला म्हणजे धन थोडे चालते, असा त्या शब्दाचा सोयीचा अर्थ लावला गेला आहे. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

आणखी एका करारातील नोंद येथे आवश्यक वाटते. १९५८ चा करार क्रमांक १११ हा रोजगारातील भेदभावाविरुद्ध आहे आणि भारताने त्याला १९६० मध्ये मान्यता दिली. त्यात लिंगाबरोबर 'सामाजिक मूळ' हेही भेदभावाचे कारण म्हणून नोंदवले आहे. तज्ज्ञ समितीने भारतातील हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविषयीचे प्रश्न याच कराराखाली विचारले आहेत. ते काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. तेथे जात कोठे संपते आणि स्त्रीत्व कोठे सुरू होते, अशी रेघ ओढता येत नाही. परदेशी सहकाऱ्यांना हे समजावून सांगताना मला फारसे संदर्भ शोधावे लागले नाहीत.

आता तुम्ही विचाराल तो प्रश्न : तेथे जायला काय लागते? उच्च पदवीच्या शेवटच्या वर्षात असावे किंवा ती नुकतीच, वर्षभरात, पूर्ण केलेली असावी. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी एक भाषा कामापुरती चांगली हवी. दुसरी येत असेल तर उत्तम. कालावधी तीन ते सहा महिने. अर्ज इंटरनेटवरून होतो, ओळख लागत नाही. माझे परदेशातील शिक्षण राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर झाले. ती नसती तर हा अर्ज करण्याचा प्रसंगच आला नसता. कामगार संघटना आंतरवासीयांना विद्यावेतन देते, ही मोठी गोष्ट आहे, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात ते मिळत नाही. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक बिनपगारी आंतरवासी जिनिव्हाच्या सरोवराकाठी तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गाजली. प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठीच हे काही अंशी योजले होते, असे त्याने पुढे सांगितले. पण प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्या घरी सहा महिने फुकट राबण्याची ऐपत आहे तोच समानतेची धोरणे लिहायला बसणार असेल, तर कोयता त्या कागदावर कधी यायचा? मी विद्यावेतनातही काटकसरीने, सीमेपलीकडील फ्रेंच गावात दोघींत एक खोली घेऊन राहिले आणि प्रवासखर्च मावशीने उसना दिला. २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये, कामाच्या ठिकाणच्या हिंसा व छळाविरुद्धच्या संरक्षणात, आंतरवासी आणि शिकाऊ उमेदवार यांचाही स्पष्ट उल्लेख आहे हे वाचले तेव्हा बरे वाटले.

तुमच्यासाठी एक अभ्यास देते. उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाल तेव्हा दहा दिवस एक वही ठेवा. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने पहाटेपासून झोपेपर्यंत काय काय केले, किती वाजता सुरू केले, किती वाजता संपवले, ते लिहा. अंदाज लिहू नका, घड्याळ पाहा. कामाचे पैसे मिळाले असतील तर किती, आणि ते कोणाच्या हातात पडले, तेही लिहा. मुकादमाची वही पाहायला मिळाली तर त्यात आईचे नाव आहे का, तेवढे पाहून घ्या. माझ्या आईचे नव्हते. शाळा सुरू झाल्यावर वह्या वर्गशिक्षिकांकडे द्या. जुलैमध्ये मी चार दिवस वसतिगृहात येऊन राहणार आहे. तेव्हा रोज संध्याकाळच्या अभ्यासिकेत आपण त्या उघडू आणि फळ्यावर चार रकाने आखू : कौशल्य, श्रम, जबाबदारी, परिस्थिती. गुण कसे द्यायचे यावर तुमच्यात भांडणे होतील. त्यासाठी दोन तास राखून ठेवायला मुख्याध्यापकांना सांगितले आहे.